माहेरच्या नावाची नदी

जपानहून परत आल्यापासून भेटेल ती मैत्रीण विचारते, "फुजी पाहिलास का गं?" फुजी मी पाहिला नाही. विमानात माझी जागा नेमकी पंखावर आली होती. "मग महिनाभर केलंस तरी काय?" बाळंतिणीचे केले, बाळाला न्हाऊमाखू घातले आणि उरलेल्या वेळात एक नदी पाहिली. हे ऐकले की बहुतेकींचा चेहरा पडतो. नदी काय, आपल्याकडे नाहीत? त्यांना उभ्या उभ्या सांगता आले नाही, म्हणून आज निवांतपणे लिहायला बसले आहे.

झाले असे. माझ्या धाकट्या नणंदबाई जपानात नागाओका या गावी असतात. भावोजी तिथल्या विद्यापीठात आहेत. एप्रिलच्या शेवटी त्यांना मुलगी झाली. पहिलटकरणीजवळ माहेरचे कोणीतरी हवे, पण सासूबाईंचे गुडघे विमानप्रवासाला तयार नाहीत. माझ्या अर्धवेळ शाळेला मे महिन्याची सुट्टी. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. तिचं माहेर तिच्याकडे जाऊ दे." डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, आणि सांगलीहून माझ्या आईने मुद्दाम पाठवलेली हळद असे सामान बांधून मी निघाले.

तोक्योहून नागाओकाला जाणारी जलद गाडी डोंगराखालच्या लांबच लांब बोगद्यात शिरते. एक बोगदा तर २२ किलोमीटरचा आहे. अलीकडे कोरडी हवा नि लख्ख ऊन होते, आणि बोगदा संपल्यावर पाहते तो मे महिन्यात डोंगरावर बर्फ! भूगोल शिकवणाऱ्या बाईलासुद्धा डोळे चोळावे लागले. पुढे कारण लक्षात आले. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प गोळा करतात, आणि देशाच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगरांना अडून अलीकडच्या बाजूला सगळे बर्फ टाकतात. आपल्याकडे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, कोकण भिजते आणि पलीकडचे माण-खटाव कोरडे राहते, तोच हा प्रकार. फक्त पावसाच्या जागी बर्फ.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदबाईंच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना ती दिसली. शिनानो नदी. आमच्या कराडला मे महिन्यात प्रीतिसंगमावर वाळू उघडी पडते, पात्रातले दगड वर येतात. इथे मे महिन्यात नदी काठोकाठ भरून वाहत होती, गढूळसर हिरवी आणि घाईत असल्यासारखी. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. "पाऊस कुठे झाला?" मी विचारले. नणंदबाई हसल्या. "पाऊस नाही, वहिनी. डोंगरातला बर्फ वितळतोय. इथला पूर उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो."

शिनानो ही जपानमधली सर्वांत लांब नदी. लांबी ३६७ किलोमीटर. ऐकून मला जरा हसू आले, कारण आपली कृष्णा जवळजवळ १४०० किलोमीटर वाहते. पण वर्गात मी मुलांना सांगते ना, नदीची लांबी पाहायची तसा तिचा उतारही पाहायचा! शिनानो कोबुशी नावाच्या २४७५ मीटर उंच डोंगराच्या उतारावर जन्म घेते. म्हणजे कृष्णेपेक्षा कितीतरी उंचावरून निघून, तिच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढ्या वाटेत ती समुद्राला मिळते. कृष्णा जिना उतरते म्हटले, तर ही शिडीवरून उतरते. त्यामुळे वर काही झाले की खाली लगेच जाणवते.

आता तिच्या नावाची गंमत सांगते. हे नाव मला शेजारच्या आजींनी समजावले.

या आजी ऐंशीच्या पुढच्या. बाळ पाहायला आल्या तेव्हा हातात एक डबा होता. त्यात नोझावाना नावाच्या पालेभाजीचे लोणचे. सलगमाच्या जातीची भाजी, पाने आणि लांब देठ मिठात मुरवलेले. चव आंबटसर-खारट, भाताबरोबर फार छान लागते. "हे माझ्या माहेरचं," त्या म्हणाल्या. नणंदबाई मला मराठीत सांगत होत्या. आजींचे माहेर इयामाचे, नदीच्या वरच्या अंगाला नागानो प्रांतात. लग्न होऊन इकडे निगाता प्रांतात आल्या. मी गॅलरीतून बोट दाखवून म्हटले, "शिनानो नदी फार सुंदर आहे." आजी म्हणाल्या, "हो. पण माझ्यासाठी ती चिकुमाच आहे."

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण तसे नव्हते. उगमापासून नागानो प्रांताची हद्द संपेपर्यंत २१४ किलोमीटर या नदीला चिकुमा म्हणतात. चिकुमा म्हणजे हजार वळणे. हद्द ओलांडून निगातात शिरली की पुढच्या १५३ किलोमीटरसाठी ती शिनानो. "म्हणजे सासरी आल्यावर नाव बदललं!" मी म्हटले. नणंदबाईंनी भाषांतर करताच आजी खूप हसल्या आणि मान हलवून 'नाही' म्हणाल्या.

शिनानो हे तर नागानोचेच जुने नाव! पूर्वी त्या सगळ्या प्रांताला शिनानो म्हणत. माहेरची माणसे तिला चिकुमा म्हणतात, आणि सासरच्यांनी तिला तिच्या माहेरचे नाव दिले: शिनानोहून आलेली. आपल्याकडे नाही का, गावात नवी सून आली की तिचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, "ती सांगलीची" म्हणूनच ओळखतात. मला कराडात पहिली दोन वर्षे असेच म्हणत. तेव्हा राग यायचा. आजींच्या समोर बसून पहिल्यांदाच मला त्यात काही वेगळे दिसले.

आजी पुढे म्हणाल्या ते ऐका. जपानात कायद्यानेच नवराबायकोचे आडनाव एक असावे लागते. कोणाचे घ्यायचे ते दोघांनी ठरवायचे, पण बदलते शंभरात नव्वदांहून अधिक वेळा बायकोच. "माझं गेलं, नदीचं राहिलं," असे म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. माझ्या बी. ए.च्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आहे. नोकरीच्या वेळी 'ही बाई तीच' हे सिद्ध करायला माझे तीन फेऱ्या आणि एक प्रतिज्ञापत्र खर्ची पडले होते. ते मी त्यांना सांगितले. भाषा वेगळी, पण दोघींचे हसू एकाच जातीचे होते.

त्याच आठवड्यात भावोजींना नागानोला काम निघाले. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जा. एक दिवस मी आणि बाळ राहतो, आजी आहेत." जाताना भावोजींच्या मोटारीतून गेले. परतताना त्यांना उशीर होणार होता, म्हणून मी एकटीनेच इयामा मार्गाच्या रेल्वेने यायचे ठरले. हा लहानसा लोहमार्ग बहुतेक वाट नदीच्या कडेकडेने येतो. भावोजींनी कागदावर जपानीत लिहून दिले होते, "या बाईंना एचिगो-कावागुचीला उतरायचे आहे." शाळकरी पोरीसारखी ती चिठ्ठी मी पर्समध्ये जपून ठेवली.

नागानो हे डोंगरांच्या मधल्या सपाट खोऱ्यातले गाव. इथे चिकुमेला पश्चिमेकडून साई नदी मिळते, उंच हिमशिखरांचे पाणी घेऊन. दोन नद्यांमधल्या त्या मैदानात १५५३ ते १५६४ या काळात ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हे दोन सरदार पाच वेळा समोरासमोर आले होते. जपानी मुलांना ही कावानाकाजिमाची लढाई आपल्या पानिपतासारखी ठाऊक असते.

पण मला पाहायचे होते ते वेगळेच. गावाच्या उत्तरेला नदीच्या बांधाला लागून सफरचंदांच्या बागा आहेत. आम्ही गेलो तेव्हा फुलांचा बहर ओसरत होता, झाडांखाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा. याच ठिकाणी, होयासु भागात, १३ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे बांध फुटला. आदल्या दिवशी वादळाने वरच्या डोंगरात प्रचंड पाऊस पाडला होता. नागानोचे खोरे संपते तिथे नदी दोन डोंगरांच्या मधल्या अरुंद जागेत शिरते. मोठ्या पातेल्यातले पाणी बारीक तोंडाच्या बाटलीत ओतताना जे होते, तेच तिथे होते. पाणी मागे फुगते. त्या पहाटे जलद गाड्यांच्या आगारात दहा गाड्या, म्हणजे १२० डबे, पाण्यात उभे होते. पुढे त्या सगळ्या मोडीत काढाव्या लागल्या. त्या भागात जुन्या पुरांची पातळी दाखवणाऱ्या खुणांचा एक खांब आहे. त्यावर सर्वांत उंच खूण १७४२ सालची. लोकांना माहीत होते. तरी विसर पडतोच.

मी त्या बांधावर बराच वेळ उभी राहिले. मैत्रिणींनो, २०१९ चा ऑगस्ट मी जन्मात विसरणार नाही. माझे सासर कराड, कृष्णेच्या वरच्या अंगाला. माहेर सांगली, खालच्या अंगाला. कृष्णा माझ्या सासरहून माझ्या माहेरी जाते. त्या आठवड्यात कोयनेचे आणि कृष्णेचे पाणी संगमावर चढताना मी पाहत होते आणि तासातासाला आईला फोन करत होते, "आई, इथं अजून वाढतंय. सामान वर ने." आई म्हणायची, "अगं, २००५ ला पायरीशी येऊन परत गेलं होतं." आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या घरात तळमजला बुडाला. आई-बाबा दोन दिवस माडीवर होते, मग होडीतून बाहेर आले. आईने वाचवले काय, तर देव आणि हळदीचा डबा.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. इयामा मागे पडल्यावर दरी आवळत गेली, नदी कधी डाव्या हाताला तर कधी उजव्या हाताला. हद्दीजवळ मोरी-मियानोहारा नावाचे स्टेशन लागते. तिथे एक उंच खांब आहे. १२ फेब्रुवारी १९४५ रोजी इथे बर्फ ७.८५ मीटरपर्यंत साचला होता, त्याची ती खूण. आपल्या दोन मजली घराच्या वरपर्यंत! हे स्टेशन गेले की थोड्याच वेळात चिकुमेची शिनानो होते. मी नाक काचेला लावून पाहत होते. पण कुठे काही वेगळे दिसले नाही. तेच पाणी, तोच रंग, तीच घाई. नाव माणसांनी बदलले, नदीला त्याचा पत्ताच नाही.

पुढे त्सुनानला डोंगरउतारावर भल्यामोठ्या पायऱ्या दिसतात. त्या कोणी खोदलेल्या नाहीत. जमीन हळूहळू वर उचलली गेली आणि नदी आपले पात्र खाली खाली कापत गेली, म्हणून जुने काठ पायऱ्यांसारखे वर राहिले. आता त्या पायऱ्यांवर भातशेती आहे. तोकामाचीला तर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी सापडली आहेत, काठावर आगीच्या ज्वाळांसारखी नक्षी असलेली. १९९९ साली त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. तशी भांडी चुलीवर चढवून त्यांत शिजवत असत, असे समजले. मला त्या अनाम बायकांचे कौतुक वाटले. रोजच्या कालवणाच्या भांड्यावर एवढी नक्षी! आणखी एक नवल म्हणजे याच तोकामाचीच्या डोंगरात, एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत, १९८२ साली भारतीय लोककलेचे संग्रहालय सुरू झाले. बिहारच्या मधुबनी चित्रांबरोबर तिथे आपली वारली चित्रेही आहेत. कुठे डहाणू-तलासरी नि कुठे हे बर्फाचे गाव!

नदीचे पाणी इथे विजेलाही जुंपले आहे. तोक्योच्या गजबजलेल्या लोकलगाड्यांना लागणाऱ्या विजेतला मोठा वाटा या भागातल्या शिनानोच्या पाण्यावर निर्माण होतो. रेल्वे कंपनी परवानगीपेक्षा जास्त पाणी उचलत होती असे उघड झाल्यावर २००९ साली तिचा परवानाच रद्द झाला. पुढच्या वर्षी नदीत अधिक पाणी सोडण्याच्या अटीवर तो परत मिळाला.

पुढच्या रविवारी आम्ही बाळाला घेऊन ओजियाला गेलो. तिथले चिजिमी कापड पाहायचे होते. रॅमी नावाच्या झुडपाच्या सालीचा धागा बायका नखाने फाडून, हाताने एकात एक गुंफून लांब करतात. हवा कोरडी असली तर तो तुटतो, म्हणून बर्फाळ दिवसांतली दमट हवाच त्याला मानवते. विणून झालेले कापड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात बर्फावर पसरतात, त्याने ते शुभ्र होते. बाहेर सात-आठ फूट बर्फ, दार उघडत नाही, तेव्हा घरात अडकलेल्या बायकांनी जपलेली ही कला. २००९ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. मी हात लावून पाहिले. उन्हाळ्यात अंगाला चिकटणार नाही असे सुरकुतीदार, हलके कापड. किंमत विचारली आणि हात मागे घेतला!

नागाओकाच्या खाली नदी मैदानात उतरते आणि तिचा स्वभावच बदलतो. उतार संपतो, पाणी पसरते. १८९६ च्या पुरात हे सगळे मैदान आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होते. समुद्र इथून जवळच आहे, पण मधे टेकड्या आड येतात, म्हणून नदी लांब वळसा घालून निगाता शहराकडे जाते. टेकडी कापून पाणी थेट समुद्रात सोडावे, अशी शेतकऱ्यांची मागणी तेव्हाच दीडशेहून अधिक वर्षांची होती. अखेर १९०९ मध्ये काम सुरू झाले. दरडी कोसळल्या, तरी सुमारे दहा किलोमीटरचा हा ओकोझु कालवा खणून १९२२ मध्ये पाणी सोडले. पाचच वर्षांनी त्याचा बंधारा खचला, तो १९३१ मध्ये पुन्हा उभा राहिला. ते काम पाहणारे अभियंते आओयामा आकिरा तरुणपणी पनामा कालव्यावर राबले होते. तिथल्या स्मारकशिळेवर त्यांनी कोरून घेतलेल्या शब्दांत आधी मानवजात येते आणि मग देश. स्वतःचे नाव मात्र त्यांनी त्यावर घातले नाही.

या कालव्याने काय साधले, ते इथल्या बायकांना विचारावे. जुन्या छायाचित्रांत निगाताच्या मैदानातल्या बायका-पुरुष छातीभर चिखलपाण्यात उभे राहून भात लावताना दिसतात. आता तीच शेते कोरडी करता येतात आणि जपानभर नावाजलेला कोशिहिकारी तांदूळ तिथे पिकतो. तांदूळ चकचकीत नि चिकट. मी पुलाव करायला गेले, त्याची खीर झाली! पण बाळंतिणीला तूप-मेतकूट घालून मऊभात करावा तर याचाच.

अर्थात फुकट काही मिळत नाही. गाळ कालव्याने दुसरीकडे गेला, म्हणून निगाताच्या मुखाकडे तो कमी पडला आणि तिथला किनारा समुद्राने शेकडो मीटर खाल्ला. एका घरचा प्रश्न सोडवावा, तर दुसऱ्या घरी नवा उभा राहतो.

निघायच्या आदल्या दिवशी निगाता शहरात जाऊन नदीचा शेवट पाहिला. बान्दाई पुलाच्या सहा कमानींखालून शिनानो आता अगदी शांत, दमलेल्या सासुरवाशिणीसारखी जाते. १९६४ च्या भूकंपात शेजारचा अगदी नवा पूल कोसळला, हा जुना टिकला. तो १९२९ सालचा आहे. वाचून मी चमकले. आमच्या सांगलीचा आयर्विन पूलही १९२९ चाच!

संध्याकाळी आजी निरोप द्यायला आल्या. मी त्यांना कृष्णेची नि माझ्या फोनची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या ऑक्टोबरात सकाळी सकाळी मला माझ्या भावाचा इयामाहून फोन आला. त्याच्या स्वतःच्या गावात पाणी शिरलं होतं. तरी म्हणाला, ताई, आता तुमच्याकडे येतंय." त्या दिवशी ओकोझूला खालच्या पात्राची दारे बंद करून सगळे पाणी कालव्याने समुद्रात सोडले. खालचे मैदान वाचले. आजींनी माझा हात धरला. "तू सासरहून माहेरी फोन केलास, मला माहेरहून आला. एवढाच फरक." मी त्यांना आईने दिलेल्या हळदीतली उरलेली पुडी दिली. त्यांनी नोझावानाचा डबा दिला. तो मी विमानात मांडीवर घेऊनच आणला.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली. सहावीच्या मुलांना पहिल्या तासाला मी नद्यांची नावे पाठ करायला सांगितली नाहीत. विचारले, "आपल्या नळाला येणारं पाणी कुठून येतं, आणि आपल्याकडून पुढे कोणाकडे जातं?" बऱ्याच जणांनी उत्तर दिले, "टाकीतून." एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "बाई, पुढे माझ्या मामाच्या गावाला जातं. पुरात आई त्याला फोन करते."

तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.